जुन्या गॅसची सर

निकिताने थर्मामीटरची दांडी एसीच्या जाळीत खुपसली, काचा वर केल्या आणि डाव्या सीटवर बसून दार ओढून घेतलं. स्टेअरिंगवर विष्णुपंत होते. मागे त्यांच्या पत्नी विजयाबाई शाल लपेटून बसल्या होत्या. बाहेर नेवासा रस्त्यावर एप्रिलचं ऊन रटरटत होतं आणि आत विजयाबाईंच्या नाकाचा शेंडा गार पडला होता.

“सात डिग्री हाय काका,” निकिता म्हणाली. “एवढं तर नवी गाडीबी देत न्हाई.”

“तुझं यंत्र काय म्हणतं ते राहू दे.” विष्णुपंतांनी तळवा जाळीसमोर धरला. “हा हात काय म्हणतो ते ऐक. वारा येतोय, गारवा नाही. आणि पायाशी तर भट्टी पेटलीय नुसती.”

निकिता वाकली. त्यांच्या पायांजवळची चटई उचलून तिने खालचा पत्रा चाचपला आणि हात तसाच ठेवून थोडा वेळ थांबली.

“पत्रा तर गारच हाय,” ती हळूच म्हणाली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं, “कुठं चुकलं कळंना.”

इतकी वर्षं ही गाडी जुन्या गॅसवर चालली होती. ओझोनचा थर विरतो म्हणून तो गॅस केव्हाच बंद झाला. पण निकिताच्या वडिलांनी, काकासाहेबांनी, कुठूनसं एक सिलिंडर मिळवून गॅरेजच्या कोपऱ्यात जपलं होतं. उन्हाळा लागला की त्यातला घोटभर विष्णुपंतांच्या गाडीला मिळायचा. यंदा ते सिलिंडर रिकामं झालं. काकासाहेबांचे गुडघे गेल्यापासून गॅरेज आयटीआय केलेली निकिताच बघत होती. तिने गाडी नव्या गॅसवर घेतली. कॉम्प्रेसरमधलं जुनं तेल काढलं, कारण नव्या गॅसशी ते जमवून घेत नाही. रबरी रिंगा बदलल्या, गॅस भरायची तोंडं बदलली. गाडी परत देताना ती सरळपणे बोलून गेली होती, “काका, जुन्या गाडीत नवा गॅस जरा कमी गार करतो बरं का.”

तेवढं एक वाक्य विष्णुपंतांनी घट्ट धरून ठेवलं. भाजीवाल्यापासून देवळातल्या मंडळींपर्यंत सगळ्यांना ते सांगत सुटले, “जुन्या गॅसची सर नाही.” आणि पुन्हा पुन्हा गाडी घेऊन गॅरेजात येत राहिले. निकिताने गॅस काढून परत भरला. नवा पंखा बसवला. जुनं तेल आत कुठे राहिलं असेल म्हणून नळ्या धुऊन काढल्या. प्रत्येक वेळी काटे बरोबर, थर्मामीटर बरोबर आणि विष्णुपंतांची मान नकारार्थी.

विजयाबाईंना कुणाचं खरं मानावं ते समजत नव्हतं. आठवड्यापूर्वी दोघं हिवरे बाजारला गेली होती, विजयाबाईंच्या एका जुन्या विद्यार्थिनीकडे. वाटेत विजयाबाईंचे दात वाजायची पाळी आली आणि शेजारी विष्णुपंत मात्र पाय जळतात म्हणून वैतागले होते. एकाच गाडीत दोन ऋतू कसे असतील? आपलंच काहीतरी बिनसलंय असं वाटून त्यांनी गुपचूप थायरॉइड तपासून घेतला. तो ठीक निघाला. तेव्हापासून तर त्या जास्तच गोंधळल्या. आजही येताना त्यांनी म्हणून पाहिलं होतं, “अहो, मला गार लागतंय.”

“तुला कशानेही गार लागतं,” विष्णुपंतांनी विषय मिटवला होता.

निकिता उतरली आणि तिने बॉनेट उघडलं. विष्णुपंतही उतरून तिच्या शेजारी उभे राहिले. विजयाबाई शाल सावरत मागून आल्या.

“काका, हे बघा.” इंजिनाच्या आवाजावर निकिताला मोठ्याने बोलावं लागत होतं. “ह्यो जाडा पाईप, ह्याच्यातनं गॅस गार हून परत येतो. घाम फुटलाय बघा त्याला. ह्याला हात लावा, मग तुमीच सांगा. फकस्त ह्यो पलीकडचा धरू नका. कॉम्प्रेसरमधनं निघतो, लई तापलेला असतो.”

ती गॅसचा दाब मोजायचं गेज आणायला टेबलाकडे वळली. विष्णुपंतांनी चष्मा वर केला आणि वाकून पाईप मुठीत धरला.

“धरला,” ते म्हणाले. “बघ. काही गार नाही.”

विजयाबाईंनी पाहिलं. आधी त्यांना काही वावगं वाटलं नाही. मग शेजारचा जाडा पाईप दिसला, थेंबांनी डवरलेला, मोकळा.

“अहो!”

“काय?”

“काका, हात काढा! सोडा, सोडा तो!” गेज टाकून निकिता धावली आणि त्यांचं मनगट धरून तिने हात मागे ओढला. तळव्यावर आडवा लाल पट्टा उठला होता. कडेची कातडी पांढुरकी होऊन सुटू लागली होती. तिने त्यांना नळाखाली नेलं आणि पाणी सोडलं.

विष्णुपंत त्या हाताकडे बघत राहिले. चेहऱ्यावर वेदना नव्हती. दुसऱ्याचा हात आपल्याकडे चुकून आलाय, आता तो कुणाला द्यायचा, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

“भाजलं का गं मला?” त्यांनी विजयाबाईंनाच विचारलं.

विजयाबाईंच्या डोळ्यांपुढे एकेक उभं राहू लागलं. परवा देवळातून येताना यांची एक चप्पल वाटेतच राहिली आणि हे न कळता तसेच चालत घरी आले. रेल्वे फाटकाशी गाडी पुढच्या टेम्पोला टेकता टेकता राहिली, तेव्हा हे म्हणाले, “ब्रेक नीट लागत नाहीत हल्ली.” शुगरची गोळी सकाळी न चुकता घेतात, पण डॉक्टरांनी विचारलं की एकच उत्तर: काही त्रास नाही.

“पायांचं कधीपासून आहे हो?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“जळतात ते. घरात बसल्यावरही जळतात?”

नळाचं पाणी तळव्यावरून वाहत होतं.

“रात्रीही,” शेवटी ते म्हणाले. “मला वाटलं, गाडीत पाय तापतात, ती धग उरत असेल.” आणि जरा वेळाने, निकिताकडे न बघता, “मला खरंच गॅसच वाटला.”

निकिताने भांबावून दोघांकडे पाहिलं. मग फडक्याला हात पुसले. “चला, दवाखान्यात सोडते,” ती म्हणाली. “गाडी मी घेते.”

विजयाबाईंना वाटलं, आता वाद होणार. या गाडीच्या स्टेअरिंगला विष्णुपंतांनी कधी कुणाला हात लावू दिला नव्हता. पण ते बॉनेटला वळसा घालून गेले, डावीकडचं दार उघडलं आणि भाजलेला हात मांडीवर उताणा ठेवून बसून राहिले. विजयाबाई मागे बसल्या.

गाडी रस्त्याला लागली. एसी चालूच होता.

“तुला गार लागतंय?” विष्णुपंतांनी समोर बघतच विचारलं.

“लागतंय.”

“खूप?”

“हो.”

निकिताचा हात बटणाकडे गेला. “राहू दे,” विष्णुपंत म्हणाले. मग मान किंचित मागे वळवून, “गार म्हणजे कसं, सांग ना.”

विजयाबाई सीटच्या कडेला सरकल्या. जन्मभर मुलांना भाषा शिकवली, पण हे कसं सांगायचं? त्यांनी शालीतून हात बाहेर काढला, पुढच्या दोन सीटांमधून लांबवून जाळीसमोर धरला आणि बोटं पुरती गारठेपर्यंत तसाच ठेवला. मग पुढे वाकून त्यांनी तो तळवा विष्णुपंतांच्या मानेवर, कॉलरच्या वर टेकवला.

“असं,” त्या म्हणाल्या.

विष्णुपंतांचे खांदे एकदम शहारले.