शौचालयापुढचे नाव

अमेरिकेत ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडपासून पश्चिमेला तासाभराच्या अंतरावर, पूर्वी भातखाचरे होती अशा सपाट आणि दमट मुलखात, मैत्रीवन नावाचे बौद्ध ध्यानकेंद्र आहे. जुलैतल्या एका शुक्रवारी दुपारी मनोहरराव त्या केंद्राच्या भोजनगृहाबाहेर टांगलेल्या पांढऱ्या फळ्यासमोर उभे राहिले, ते दहा मिनिटे जागचे हलले नाहीत. पस्तीस वर्षे नागपुरात पाली शिकवल्यामुळे त्यांना एक खोड जडली होती: समोर जे लिहिलेले असेल ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याखेरीज त्यांचा पाय निघत नसे.

फळ्यावर आठवड्याची कामे मांडली होती आणि प्रत्येक कामापुढे नावे होती. भाजी चिरणे, ध्यानकक्ष झाडणे, गरजूंना वाटायच्या शिध्याची खोकी भरणे, गवत कापणे. शेवटची ओळ होती शौचालयांची. तिच्यापुढे दोन नावे होती. दुसरे दर आठवड्याला बदलत असावे, कारण त्याच्याखाली आधीच्या नावांचे पुसट डाग दिसत होते. पहिले मात्र इतके जुने आणि वाळलेले होते, की ते फळ्याबरोबरच विकत आणले असावे असे वाटे. ते नाव होते अहिल्या.

अहिल्या ही मनोहररावांची एकुलती मुलगी. तेल कंपनीतली इंजिनियरची नोकरी सोडून सहा वर्षांपूर्वी तिने या केंद्राचा कारभार हाती घेतला होता, आणि वडील तो पाहायला प्रथमच आले होते. तीन आठवडे त्यांनी पाहिले ते सगळे त्यांना आवडले होते. परवाने, गळकी छपरे, शिबिरार्थींची पत्रे, मरणोन्मुख रुग्णांच्या सोबतीला पाठवायच्या माणसांच्या पाळ्या, हे सारे ती एका वहीच्या जोरावर सांभाळत होती. आता तिच्या मनातला सर्वांत मोठा उपक्रम उभा राहिला होता: स्नानगाडी. ट्रेलरवर बसवलेली सहा न्हाणीघरे दर शनिवारी ह्यूस्टनच्या उड्डाणपुलांखाली न्यायची आणि तिथल्या बेघर माणसांना गरम पाणी, साबण व कोरडा टॉवेल द्यायचा. उद्या सकाळी ती गाडी पहिल्यांदा निघणार होती. निघण्यापूर्वी सतरा स्वयंसेवकांना मनोहररावांनी पंचशील द्यावे, एवढे एकच मागणे मुलीने वडिलांकडे केले होते. शील देणारा आधी म्हणतो आणि घेणारे त्याच्यामागून म्हणतात. मनोहररावांनी त्यासाठी इंग्रजीत चार पानांचे विवरणही लिहून ठेवले होते.

"काका, किती वेळ उभे आहात! घामाने भिजलात की." मागून दीपा आली. ती शुगर लँडमध्ये डॉक्टर होती, मूळची पुण्याची, आणि एकही शिबिर न चुकवणारी.

"ही शेवटची ओळ, दीपाताई. हे काम दर वेळी अहिल्याच करते?"

"दर वेळी. मागच्या महिन्यात मी होते तिच्याबरोबर. खरं सांगू काका, आधी मला कसंतरीच वाटलं होतं. पण इट इज सो ग्राउंडिंग! अहंकार म्हणून राहत नाही. इतकं शांत वाटतं ना!"

"तुम्हाला शांत वाटतं, कारण सोमवारी तुम्ही पुन्हा डॉक्टर होता," मनोहरराव म्हणाले आणि काठी उचलून आत निघाले. दीपा हसली, मग, हे हसण्यासारखे होते की नाही याचा विचार करीत तिथेच थांबली.

आत अहिल्या जमिनीवर बसून टॉवेलांच्या घड्या घालत होती. तिच्याभोवती घड्यांचे डोंगर उभे होते.

"काहून लिहिलं तिथं तुझं नाव?"

"बाबा, तुम्ही चिडलात की पाली जाते आणि नागपूर बाहेर येतं."

"हसण्यावारी नेऊ नको. ते नाव पूस. नाहीतर उद्या शील द्यायला दुसरा कोणी बघ."

अहिल्येने हातातला टॉवेल मांडीवर ठेवला. वडील थट्टा करत नाहीत हे तिला त्यांच्या आवाजावरून कळले, आणि उद्याची सकाळ त्यांच्यावाचून कशी दिसेल हेही तिच्या डोळ्यांपुढे आले असावे. "बसून बोला," ती म्हणाली.

मनोहरराव बसले नाहीत. "पंचशीलात पाचही वेळा कोणता शब्द येतो?"

"वेरमणी."

"अर्थ?"

"परावृत्त होणं. न करणं. बाबा, मी काय तुमच्या वर्गात बसलेय?"

"तुझ्या आजीनं सहावी वेरमणी घेतली होती. माझ्या घरचं कोणी दुसऱ्याचा संडास धुणार नाही. एकतीस वर्षं तिनं इस्पितळातले संडास धुतले आणि त्या कमाईतून मला शिकवलं. मी दहा वर्षांचा होतो. तिला ताप होता, ती कोपऱ्यात टेकून बसली होती, मी डबा घेऊन गेलो होतो. तिथला मुकादम मला म्हणाला, तू उचल बादली, हातभार लाव आईला. मी उचलली. ती तशीच तापात उठली, बादली माझ्या हातून हिसकावून घेतली आणि मला एक थोबाडीत दिली. आयुष्यात एकदाच. मुकादमाला मारता येत नव्हतं म्हणून मला मारलं, हे मला फार उशिरा समजलं." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "आणि तिची नात अमेरिकेत येऊन, दोन डिग्र्या घेऊन, आपल्या हातानं फळ्यावर लिहिते, शौचालये: अहिल्या."

अहिल्येने दोन घड्या घातल्या. मग हळू आवाजात तिने विचारले, "वेरमणीच्या ओळीत शेवटचा शब्द कोणता?"

"समादियामि."

"पुरुष?"

"उत्तम पुरुष." मनोहरराव सावध झाले.

"आणि वचन?"

"एकवचन."

"म्हणजे, मी घेतो. माझी नात घेईल, असं नाही. दुसऱ्याच्या वतीनं शील घेता येत नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत. आजीनं घेतलं ते शील नव्हतं, बाबा. तिला स्वतःला तर ते एक दिवसही पाळता आलं नाही. ती तिची इच्छा होती. आणि ती पुरी झालीय. आज मला हे काम करायला लावणारा कोणी नाही."

मनोहररावांनी पराभव असा सहसा पत्करला नसता. पण व्याकरणाशी त्यांनी जन्मात बेइमानी केली नव्हती. त्यांनी पवित्रा बदलला. "बरं. एकवचन तर एकवचन. मग दारावर तुझ्या सहीची ती सूचना आहे, येथे काम निवडता येत नाही आणि नाकारताही येत नाही, तिचं काय? त्या सतरा जणांची नावं कोण लिहितं?"

"मी."

"मग त्यांचं समादियामि कुठे गेलं? ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, तो 'घेतो' असं म्हणतच नाहीत. त्याच्यावर लादतात. मुकादम वेगळं काय करत होता?"

अहिल्येचा चेहरा उतरला. बोलून गेल्यावर मनोहररावांनाही तो शब्द जास्त झाला असे वाटले, पण त्यांनी तो मागे घेतला नाही.

"पहिल्या वर्षी मी नावं लिहीत नव्हते," ती म्हणाली. "ज्याला जे हवं ते त्यानं घ्यायचं. सगळे बागेत आणि ध्यानकक्षात. शौचालयाची ओळ कोरी, आणि तरी ती रोज स्वच्छ. मला वाटायचं, कोणीतरी मोठ्या मनाचं माणूस गुपचूप सेवा करतंय. चार महिन्यांनी कळलं, मारिसोल करत होती." मारिसोल ही केंद्रातली पगारी स्वयंपाकीण, होंडुरासहून आलेली. "पहाटे येऊन, स्वयंपाकाच्या आधी. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिनं कोणाला विचारलंही नव्हतं. त्या दिवशी मी माझं नाव लिहिलं."

"तेव्हा माणसं नवी होती. आता सहा वर्षं साधना झालीय त्यांची. ही दीपाताई तर त्या कामाच्या प्रेमात आहे म्हणे."

"तुम्हाला असं वाटतं?"

"पुसून बघ. आज एक दिवस. फळा कोरा ठेव. उद्या पहाटे बघू, आणि मग मी शील देतो."

अहिल्या वडिलांकडे पाहत राहिली. त्यांना वाद जिंकायचा होता हे तिला दिसत होते. त्याखाली काय होते, तेही बहुधा दिसत असावे. संध्याकाळच्या जेवणाआधी तिने सगळ्यांसमोर फळा ओल्या फडक्याने पुसला. इतक्या वर्षांचे नाव सहज गेले नाही. तिला ते नखाने खरवडावे लागले. उद्यापासून ज्याने त्याने आपले नाव आपण लिहावे, असे तिने सांगितले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पहाटे साडेपाचला मनोहरराव फळ्यापाशी आले तेव्हा हवा एव्हानाच चिकट झाली होती आणि गवतात किडे किरकिरत होते. स्नानगाडीपुढे नऊ नावे दाटीवाटीने बसली होती. टॉवेलांपुढे पाच. भाजी, शिधा, गवत, सगळ्यांपुढे कोणी ना कोणी होते. शेवटच्या ओळीपुढची जागा इतकी पांढरी होती, की तिथे दिवा लावल्यासारखे दिसत होते.

सात वाजायला अजून दीड तास आहे, असे त्यांनी मनाशी म्हटले. एवढ्यात वाळूवर पावले वाजली. मारिसोल येत होती. पन्नाशीची, ठेंगणी, खांद्याला पिशवी. त्यांना पाहून ती हसली, गुड मॉर्निंग म्हणाली आणि स्वयंपाकघराकडे न जाता डावीकडे, शौचालयांकडे वळली. वळता वळता तिने पिशवीतून पिवळे रबरी हातमोजे काढले.

"मारिसोल," मनोहररावांनी हाक मारली. दोघांचेही इंग्रजी बेताचेच होते, त्यामुळे एकमेकांना ते नीट कळत असे. "हे मोजे इथले आहेत?"

"नाही सर. घरून आणले."

"का?"

"काल जेवायच्या आधी मॅडमनी फळा पुसला ना. तेव्हाच समजलं." तिच्या सुरात तक्रार नव्हती. पाऊस येणार म्हणून छत्री आणावी, तसे तिने सांगितले. "आज पाहुणे येणार. कोणीतरी करायलाच हवं."

"तू नाव लिहिलं नाहीस."

"मी?" तिला हे विनोदी वाटले. "मी तर काम करते इथे. फळा तुमच्यासाठी आहे."

पस्तीस वर्षे मनोहररावांनी ज्या क्रियापदाचे पुरुष आणि वचन मुलांना पाठ करून दिले होते, ते उच्चारण्याची वेळच काही माणसांवर येऊ दिली जात नाही, ही गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती असे नाही. ती तर त्यांच्या घरातली होती. पण काल, आपल्याच युक्तिवादाच्या भरात, त्यांनी ओले फडके फिरवायला लावून या बाईला पहाटे घरातून मोजे आणायला लावले होते. आणि इतकी वर्षे त्यांच्या मुलीने तिथे जे नाव लिहून ठेवले होते, ते नम्रतेसाठी नव्हते आणि शांत वाटावे म्हणूनही नव्हते. मारिसोलला अडवायला ती फक्त दारात आडवी उभी होती.

"थांब," ते म्हणाले. "दोन मिनिटं. आत जाऊ नको. माझ्यासाठी."

काठी टेकत ते जमेल तितक्या वेगाने मागच्या अंगणात गेले. अहिल्या स्नानगाडीच्या टाकीत नळीने पाणी भरत होती.

"फळ्यावर नाव लिही."

"कोणाचं?"

"तुझं. लवकर. नाहीतर ती करेल."

अहिल्येने कोण ती असे विचारले नाही. काय म्हणत होते मी, असेही ती म्हणाली नाही, आणि त्याबद्दल मनोहरराव तिचे कायमचे ऋणी झाले. तिने नळ बंद केला, पायजम्याला हात पुसले आणि ती धावत पुढे गेली. ते पोचेपर्यंत शेवटच्या ओळीपुढे काळ्या शाईत तिचे नाव झाले होते आणि मारिसोल मोजे पुन्हा पिशवीत घालत, जरा गोंधळून, स्वयंपाकघराकडे निघाली होती.

तेवढ्यात नवी कोरी साडी नेसलेली दीपा आली. तिने फळा पाहिला, अहिल्येला पाहिले, आणि ती कानकोंडी झाली. "अगं, मी काल लिहिणारच होते. पण वाटलं, तू आहेसच. आणि आज फोटो वगैरे असणार..."

"दीपाताई," मनोहरराव म्हणाले, "खडू, मार्कर, काय असेल ते तिथे ठेवलंय. कोणी सांगत नाही तुम्हाला. पण ठेवलंय."

दीपाने पदर खोचला आणि लिहिले. अक्षर डॉक्टरचेच होते. वाचता येत नव्हते.

सात वाजता ध्यानकक्षात स्वयंसेवक जमले. मनोहरराव आसनावर बसले होते. चार पानांचे विवरण त्यांनी खोलीतच ठेवले होते. सव्वासात झाले. गाडी चालवणारा मिहीर दोनदा घड्याळ पाहून शेवटी पुढे वाकला.

"काका, सुरू करूया का? आय-टेन हायवेवर ट्रॅफिक लागेल, यार... सॉरी. म्हणजे उशीर होईल."

"दोघी यायच्या आहेत."

"त्या नंतर म्हणतील ना."

"नंतर म्हणता येत नाही," मनोहरराव म्हणाले. "थांबू या."

आयुष्यभर घंटेच्या ठोक्याला वर्ग सुरू करणारा तो माणूस आणखी बारा मिनिटे डोळे उघडे ठेवून दाराकडे पाहत बसला. मग दोघी आल्या. दीपाच्या नव्या साडीचा काठ ओला होता. अहिल्या दारात क्षणभर थबकली. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते आणि पुसायला जवळ काही नव्हते.

"पटलेलं नाही मला," तिला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात ते म्हणाले.

"ठाऊक आहे."

"पुढे ये. इथे, समोर."

ती समोर येऊन बसली आणि तिने तसेच हात जोडले. मनोहररावांनी घसा साफ केला. पहिली ओळ त्यांनी नेहमीपेक्षा फार सावकाश म्हटली आणि ते थांबले. आधी तिचा आवाज आला, मग बाकीच्यांचा.