खालून आलेली फूट

"बाबा, झाडांना एवढी पानं आहेत, मग फूल एकही का नाही?"

हा प्रश्न खरं तर माझ्या मैत्रिणींचा. परीक्षा संपली म्हणून आमची अख्खी टोळी आमच्या नर्सरीत गुलाबांसोबत फोटो काढायला आली आणि नुसत्या पानांसोबत काढून गेली. "हिंमत असेल तर विचार बाबांना," त्यांच्यातली टिल्ली म्हणाली. वक्तृत्वात पहिली आल्यापासून 'हिंमत' हा शब्द ऐकला की माझ्या अंगातच येतं.

बाबा नळी धरून उभे होते. उन्हाळ्यात नळीतलं पहिलं पाणी चहाला चालेल इतकं तापतं, म्हणून ते आधी वाटेवर सोडून द्यायचं असतं. आज बाबा ते सोडतच राहिले.

"दमलीत झाडं," ते म्हणाले. "माणसं नाही दमत?"

"मागच्या उन्हाळ्यातही दमलीच होती."

"वकीलबाई, सरका. पाणी घालू द्या."

मी कसली सरकते. खाली बसले आणि कुंडीतली माती बोटांनी बाजूला केली. जंगली गुलाबाच्या खुंटावर बाबा चांगल्या गुलाबाचा डोळा, म्हणजे फांदीवरून काढलेली कोंबाची गाठ, भरतात. फुलं येतात ती त्या डोळ्याची. इथे डोळ्यातून आलेली फांदी काळी पडून कटकन मोडत होती. ती तरारलेली हिरवी फूट जोडाच्या खालून, खुंटातून आली होती. म्हणजे नुसतं जंगल. शेजारची कुंडी तशीच. तिच्या पुढचीही तशीच. पहिल्या कुंडीपाशी मी जिंकल्यासारखी मान वर केली होती. नंतर मला वर बघवेना.

आई पलीकडे कुंड्यांना गुलाबांच्या नावांच्या चिठ्ठ्या बांधत होती. "ऊठ," ती म्हणाली. "हात भाजतील."

"आई, तुला माहीत होतं?"

"रोज ह्यांच्यातच असते मी. मला दिसणार नाही?"

"मग चिठ्ठ्या कशाला बांधतेस?"

"तुझे बाबा सकाळी मला उठवून कोंब दाखवायला आणतात. काय सांगू त्यांना?"

बाबांनी नळी टाकली. "खालून का होईना, फुटलंय ना? मूळ जिवंत आहे. ऊन उतरलं की पुन्हा डोळे भरू."

"कुठले डोळे?" आई हळूच म्हणाली. "ज्या झाडांवरून काढायचे तीच जळाली. सावलीच्या जाळीखालचीसुद्धा."

"दुसरीकडून आणू."

"दुसरीकडे काय वेगळा सूर्य आहे?"

मला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोहोचलंच नाही. बाबा कुंड्यांच्या कडेला मटकन बसले. परवा याच जाळीखाली चक्कर येऊन पडले होते, आणि "पाय घसरला" म्हणून उठून पुन्हा कामाला लागले होते.

"पोरीचं शिक्षण होईपर्यंत बाग टिकली पाहिजे," ते मातीकडे बघत म्हणाले. "पुढे तिलाच सांभाळायचीय. नाहीतर या भट्टीत मी कुणासाठी जीव काढतोय?"

लहानपणापासून मी हे ऐकत आलेय, आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. वर्गात सगळ्यांना सांगून झालं होतं, ही बाग माझी.

मी उठले. स्टेजवर जुळवते तसे पाय जुळवले.

"आई, बाबा, दोघंही ऐका. माझ्यासाठी आता एकही डोळा भरायचा नाही. मी ही बाग घेणार नाही."