कालिंदीला दिलेला शब्द

कोल्हापूरला लागून कसबा बावड्याच्या पुढं, नदीकडं उतरणाऱ्या रस्त्याला करुणा सदन होतं. घरातून पळालेल्या, चोरीत सापडलेल्या, आईबापांनी हात टेकलेल्या पोरी कोर्टामार्फत तिथं यायच्या आणि मिशनची माणसं त्यांना सांभाळायची. प्रमोदिनी त्याच सदनात वाढलेली. तिचे आईबाप पटकीत गेले तेव्हा सुपरिंटेंडेंट अंबादास साहेबांनी तिला उचलून आणलं, शिकवलं आणि मोठी झाल्यावर मुलींवर देखरेखीला ठेवलं. सगळे त्यांना साहेब म्हणत. ती मात्र दादा म्हणायची. दादा म्हणतील ते खरं, यापलीकडं तिनं कधी विचारच केला नव्हता.

१९७९ सालच्या हिवाळ्यात कालिंदी आली. वय सोळा. एस.टी. स्टँडवर एकटी बसलेली पोलिसांना सापडली होती. नाव सांगितलं, पण गाव सांगेना. आल्या आल्या तिनं जेवणाचं ताट भिरकावलं आणि प्रार्थनेला सगळ्या उभ्या राहिल्या तेव्हा भिंतीकडं तोंड करून बसली. शाळेचं नाव काढलं की अंगावर यायची. साखर कारखान्याकडं जाणाऱ्या गाड्यांतला ऊस ओढून आणायचा आणि बाकीच्या पोरींत वाटायचा, एवढ्या एकाच कामात तिला गोडी होती. प्रमोदिनी रागवायची आणि वळून हसायची.

थंडी मरणाची होती. पहाटे प्रमोदिनी मागच्या अंगणात आंघोळीच्या पाण्याचा बंब पेटवायची. कालिंदी घोंगडं पांघरून तिथं येऊन बसायला लागली. आधी नुसती शेकायची. मग चिपाडं पुढं सरकवायला लागली. मग एक दिवस तिनं प्रमोदिनीला ‘अक्का’ अशी हाक मारली आणि प्रमोदिनीला कळलं, पोर गडहिंग्लजच्या खालच्या अंगाची, कानडी मुलखाजवळची.

“घरी अक्का आहे?” तिनं विचारलं.

“व्हती. मेली.” कालिंदी बंबाच्या तोंडात बघत राहिली. “मामाला दिलती तिला. बाळंतपणात गेली. आता मामा मला मागतोय. आई म्हणते, घरातलं घरात ऱ्हातंय. मी म्हटलं, मरंन पर त्या घरात जाणार न्हाय. तवा मामानं मला गोठ्यात कोंडलं.”

मामाचं नाव हंबीरराव. कारखान्यात उठबस असलेला, पुढाऱ्यांना जीप देणारा माणूस.

“अक्का, कुणाला सांगू नगंस. शपथ घे.”

“आमच्यात शपथ घेत नाहीत. शब्द देते.”

“दे की मग.”

प्रमोदिनीनं दिला. त्या दिवसापासून कालिंदी बदलली. नाताळच्या गाण्यांच्या सरावाला उभी राहिली, वर सगळ्यांच्या पुढं आवाज काढून गायली. लालबी म्हणून एक आडदांड पोर होती, तिच्या केसांतल्या उवा काढत बसली. दादासुद्धा म्हणाले, “प्रमोदिनी, या लेकराला तू माणसात आणलंस.”

नाताळ जवळ आला तेव्हा कारखान्याच्या फाटकावर कुणी एक मिशीवाला, गडहिंग्लजकडची एक पोर इकडं कुठं दिसली का, म्हणून विचारत फिरतोय असं प्रमोदिनीच्या कानावर आलं. हा हंबीररावाचाच माणूस, हे तिनं ओळखलं. एकटीनं काय करायचं? कोर्टाला कळवायला हवं, पोरीला संरक्षण हवं, आणि ते दादाच करू शकतील. दिलेला शब्द तिला टोचत होता. पण दादांना सांगणं म्हणजे बाहेर सांगणं, असं तिला वाटलंच नाही.

ती ऑफिसात गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. दादांनी डोळे मिटून ऐकलं.

“हे माझ्याजवळ राहील,” ते म्हणाले. “चल, तिच्यासाठी प्रार्थना करू.”

दोघांनी गुडघे टेकले. प्रमोदिनी उठली तेव्हा तिला अगदी हलकं वाटत होतं.

दोन-चार दिवसांनी दादांनी तिला गावातल्या चर्चमध्ये पाठवलं, सजावटीचे कागद आणि चांदण्या आणायला. “घाई करू नकोस, बायकांना जरा हातभार लाव,” म्हणाले. दुपार कलल्यावर ती परतली. अंगणात एकही पोर नव्हती. सगळ्या आत भिंतीला टेकून बसल्या होत्या.

“कालिंदी कुठंय?”

लालबी उठली. “जीप आलती. साहेबांनीच हाक मारून भायेर बोलावली तिला. खांबाला मिठी मारली हो तिनं. बोटं सोडवून नेली.” लालबीचा आवाज फाटला. “जाताना वरडत व्हती, अक्कानं सांगितलं, अक्कानंच सांगितलं.”

चांदण्यांची पिशवी हातात तशीच घेऊन प्रमोदिनी ऑफिसात शिरली.

“दादा, तिला कुणाच्या हाती दिलंत?”

“बस आधी.”

“कुणाच्या हाती?”

“तिच्या माणसांच्या.” दादांनी चष्मा काढून पुसला. “गावात काय बोलतात ठाऊक आहे तुला? आपण पोरी बाटवतो म्हणतात. हंबीररावानं मनात आणलं तर उद्या दारात मोर्चा येईल. सदन बंद पडलं तर बाकीच्या लेकरांनी जायचं कुठं? मीच निरोप धाडला त्याला. एकीसाठी सगळ्यांना रस्त्यावर काढू?”

“आपण प्रार्थना केली होती. तुम्ही, मी. इथंच.”

“केली. मार्ग दाखव म्हणून केली.”

ती त्यांच्या हातांकडं बघत राहिली. हेच हात तापात आपल्या कपाळावर असायचे. “आणि मला चर्चमध्ये का पाठवलंत?”

“तू आडवी आली असतीस,” दादा शांतपणे म्हणाले. “पोरींसमोर तमाशा झाला असता.”

म्हणजे सगळं ठरवून. कागद कुठले आणायचे, चांदण्या किती मोठ्या हव्यात, हे समजावून सांगताना जीप कधी यायची हे त्यांना ठाऊक होतं. ‘घाई करू नकोस’ म्हणताना ते हसलेही होते. प्रमोदिनीनं पिशवी टेबलावर ठेवली आणि बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोर्टात जाऊन उभी राहिली. आधी कारकुनानं हुसकावलं, मग शिपायानं. ती हलली नाही. मॅजिस्ट्रेटसमोर तिनं सांगितलं, कोर्टानं सोपवलेली मुलगी कोर्टाला न विचारता दिली, अठराच्या आत लग्न लावतायत, आणि देणारे आमचे सुपरिंटेंडेंट अंबादास साहेब. ते नाव उच्चारताना तिला रडू कोसळलं, पण तिनं ते पुरं उच्चारलं.

पोलीस गेले तेव्हा कालिंदीला हळद लागली होती. अक्षता पडायच्या राहिल्या होत्या, एवढंच. मांडवातून तिला उचलून कोल्हापूरला आणलं. हंबीररावावर खटला झाला, पुढं तो सुटलाही. दादांना वरून ठपका आला आणि सदन होतं तसं चालू राहिलं.

कोर्टाच्या व्हरांड्यात कालिंदी बाकावर बसली होती. मानेवर, मनगटांवर हळद, त्यावर पोलिसाची शाल. प्रमोदिनी तिच्यासमोर जाऊन खाली बसली.

“कालिंदी, मी दादांना विश्वासानं सांगितलं गं. वाटलं, ते तुला वाचवतील.”

“मी बी तुला विश्वासानंच सांगितलतं,” कालिंदी म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर प्रमोदिनीला बरं वाटलं असतं.

मॅजिस्ट्रेटनं आत बोलावून विचारलं, करुणा सदनात परत जाशील का? “न्हाय,” कालिंदी म्हणाली, “तिथं सोडून कुठंबी.” तिला सरकारी वसतिगृहात पाठवलं. जाताना ती प्रमोदिनीच्या शेजारून न थांबता गेली आणि पुढच्या पायऱ्या उतरली.

नाताळच्या आदल्या दिवशी प्रमोदिनीनं ट्रंक भरली. दादा दारात उभे होते. “मी तुला लेकीसारखं वाढवलं,” ते म्हणाले.

“व्हय,” ती म्हणाली. इतक्या वर्षांत त्यांच्यासमोर तिच्या तोंडून असा गावरान शब्द कधी निघाला नव्हता. “म्हणूनच सांगितलं होतं तुम्हाला.”

आत पोरी गाण्याची तयारी करत होत्या. लालबी ट्रंकेची एक कडी धरून रस्त्यापर्यंत आली. उसाच्या गाड्यांची रांग कारखान्याकडं चालली होती, मळीचा वास थंडीत गच्च भरून राहिला होता. बस आली तेव्हा दोघींनी मिळून ट्रंक वर चढवली.