रक्तातला बहुरूपी

मी एक जुना जंतू आहे. मला नुसत्या डोळ्यांनी कुणी पाहिलेले नाही. माझ्या तापाला मात्र नाव आहे, गोचीड ताप. दूरच्या थंड देशांत लाइम आजाराचा जंतू माणसांच्या अंगात असाच लपतो. मी पाली गावातल्या गुरांवर भागवतो.

मित्रांनो, गोचिडाच्या तोंडातून मी पाखऱ्याच्या रक्तात उतरलो. पाखऱ्या आणि मोऱ्या ही साखराबाईची गोऱ्ह्यांची जोडी. मोऱ्याची आई मेली तेव्हा साखराबाईने त्याला बाटलीने दूध पाजून वाढवले होते.

पाखऱ्या तापाने फणफणला. त्याच्या रक्तातल्या शिपायांनी माझा अंगरखा ओळखला, माझी भावंडे कापून काढली. पण माझ्याजवळ जुन्या चिंध्यांचे गाठोडे असते. त्यातला एक तुकडा मी अंगरख्याला जोडला.

मी एक नवा जंतू आहे.

शिपाई शेजारून निघून गेले. त्यांनी हाही अंगरखा ओळखला, तेव्हा मी दुसरा तुकडा जोडला.

मी एक नवा जंतू आहे. (तोच.)

ताप उतरला. गुरांचे डॉक्टर म्हणाले, "जनावर बरे दिसेल, पण जंतू रक्तात राहील. याची सुई, याचा दाभण दुसऱ्याला लावू नका."

मग वेसण घालायचा दिवस आला. गावातल्या बजरंगने पाखऱ्याचे नाक टोचले आणि तोच दाभण घेऊन तो मोऱ्याकडे वळला.

"भावजी, उकळून घ्या त्यो," साखराबाई म्हणाली.

"वहिनी, दाभनाचा चहा करता का?"

तिचा नवरा बंकट हसला. "ताप कवाच गेला. कावून घोर लावून घेतीस?"

"डाक्टर काय येडे हायेत?"

"जोडी एकाच दाभनानं टोचावी," बजरंग म्हणाला. "मग एका चालीनं चालती."

मोऱ्या दुसऱ्या कुणाला डोके धरू देत नसे. ते साखराबाईनेच धरले.

महिन्याभराने मोऱ्याच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या, मग पिवळ्या. तो गेला.

"गोचीड लागला असंल," बंकट म्हणाला.

"गोचीड न्हाई. तुमचा दाभन लागला."

मित्रांनो, लपायची विद्या माझी. मला हातात धरून पुढच्या जनावरापर्यंत नेणारे तुम्ही. ताप उतरला म्हणजे मी गेलो, असे समजू नका.

बंकटने केजच्या बाजारातून नवा गोऱ्हा आणला. नवी जोडी म्हणून पाखऱ्यालाही पुन्हा टोचायचे, असे बजरंगने ठरवले. साखराबाईने त्याच्या हातातला दाभण काढून घेतला आणि चहाच्या पातेल्यात टाकला.

"बसा, भावजी. दाभनाचा चहा व्हतोय."

कुणी हसले नाही. पाणी उकळायला तेवढाच वेळ लागला, जेवढा मोऱ्याच्या वेळी लागला असता.