निळ्या कवचातला पाय

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर पांढऱ्या कोटातला माणूस उभा होता. त्याचे लोक त्याला गुरू म्हणत. मागच्या पडद्यावर एक निळा कृत्रिम पाय स्वतःभोवती गरगर फिरत होता.

"साचा नाही, मोजमाप नाही, हात लावायचीही गरज नाही," गुरू खर्जात म्हणाला. "फक्त फोटो पाठवा. आमच्या संगणकाला तुमच्या देहाचं ज्ञान होतं."

मग एक बस कंडक्टर मंचावर आला. गुडघ्याखाली तसाच चकचकीत निळा पाय. तो चालला, दोन पायऱ्या चढला, उतरला. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी चक्क हात जोडले. रुग्णालयाचे मोठे डॉक्टर टाळ्या पिटत होते. कृत्रिम पाय घडवणारी रुग्णालयाचीच कार्यशाळा बंद करायच्या कागदावर फक्त त्यांची सही बाकी होती.

त्या कार्यशाळेत वीस वर्षं राबलेली कारागीर ताई मागे भिंतीला टेकून धुमसत होती. सकाळीच एक शाळकरी मुलगी तिच्याकडे आली होती. फोटोवरून बनवलेल्या निळ्या पायाने तिची कातडी सोलवटली होती. "गुरू म्हणाले, विश्वास ठेवा, सवय होईल," तिची आई सांगत होती.

ताईची नजर कंडक्टरच्या बुटावर खिळली. चवडा दोन बोटं बाहेर वळलेला होता. पडद्यावरचा पाय तर नाकासमोर सरळ. हा वाकडेपणा तिने स्वतः घडवला होता. धावत्या बसमध्ये कंडक्टर पाय फाकवून उभा राहतो, हे तिने त्याच्यासोबत बसने हिंडून पाहिलं होतं आणि ते पाऊल तीनदा काढून पुन्हा बसवलं होतं.

ती तडक मंचावर चढली. "दादा, खुर्चीवर बसा."

"बाई, हात लावू नका," गुरू आडवा आला. "हे फार नाजूक तंत्रज्ञान आहे."

"पायांना हात लावण्यातच माझा जन्म गेलाय. बाजूला व्हा."

तिने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि पोटरीमागचे दोन स्क्रू सोडले. निळं कवच सुटून आलं. आत तिनेच घडवलेला जुना पाय होता, कडेवर कानशीच्या खुणा असलेला.

कंडक्टरची मान खाली गेली. "त्यांच्या पायाने दहा पावलंही टाकता येईनात, ताई. मग म्हणाले, जुन्यावरच कवच चढवू. बायकोला नोकरी देणार होते."

"पडद्यावर सगळं बरोबर दाखवत होतं," संगणकापाशी बसलेली गुरूची तरुण इंजिनियर पुटपुटली.

"तू स्वतः कधी कुणाच्या पायाचा साचा घेतलायस?"

"नाही. कुणी घ्यायलाच लावला नाही."

"पडद्यावर कातडी सोलत नाही, बाळ."

मोठे डॉक्टर उठले. "ताई, आपण आत बसून बोलू."

"आत कशाला? टाळ्या इथे वाजवल्यात ना? तुम्ही बावीस जणांना हे पाय दिलेत, एकालाही चालवून न बघता. त्यांचं काय, ते इथेच सांगा."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बावीसही पाय परत मागवले, गुरूविरुद्ध तक्रार केली आणि कार्यशाळेचा कागद सही न करता परत पाठवला. आठवड्याभरात ती तरुण इंजिनियर कार्यशाळेत दाखल झाली. कोपरापर्यंत प्लास्टर माखून साचा घ्यायची, मग संगणकावर बसून स्वतःच काढलेलं पायाचं चित्र दुरुस्त करायची.

संगणकाशी ताईचं वैर नव्हतंच. त्याने आखलेली रेघ बरोबर की चूक, हे वस्तू घडवून, वापरून पाहिल्याशिवाय कळत नाही, एवढंच तिचं म्हणणं. तेव्हा कुणी असा चमत्कार दाखवला, तर आधी विचारा: हे कुणी घडवलं, आणि कुणाला घालून पाहिलं? सरळ उत्तर मिळालं नाही, तर उठा आणि चालू लागा.