बेकरीवाल्याची खोली

गल्ली वाचली ती थोरलीमुळे, हे कोणीही नाकारणार नाही. रुंद रस्त्यासाठी सगळी जुनी घरं पाडायची ठरली होती. ती शिकून मोठी आर्किटेक्ट झालेली. कचेऱ्यांचे उंबरे झिजवून तिने पाडापाडी थांबवली. गल्लीने तिला डोक्यावर घेतलं. तिच्या धाकट्या भावाने त्या दिवशी बेकरीतले पाव फुकट वाटले.

मग सुधारणा सुरू झाली. भिंतींना मूळचा रंग, लोंबणाऱ्या तारा जमिनीखाली. आणि एका सकाळी थोरली बेकरीत आली.

"धुराने भिंती काळ्या पडतायत. भट्टी बंद करावी लागेल."

"आजोबांची भट्टी आहे, ताई."

"म्हणून तर जपणार आहोत. भट्टी राहील. तू शहराबाहेर गाळा घे."

"आणि बाबा?"

बाबा वरच्या खोलीत असायचे. पाय गेलेले, पण जीभ शाबूत. पाव करपला की वरूनच धाकट्याला शिव्या हासडायचे.

"दुरुस्ती होईपर्यंत वृद्धाश्रमात. नंतर आणूच की."

धाकटा भांडला, पण घर बाबांनी कधीच लेकीच्या नावावर करून दिलं होतं. बाबांनी तर कुरकुरही केली नाही. लेक म्हणते म्हणजे बरोबरच असणार.

दुरुस्ती संपली, तरी बाबांना आणलं नाही. आधी रंग वाळू दे, मग जिना होऊ दे. घराचं संग्रहालय झालं, त्याच्या उद्घाटनाला मात्र थोरलीचा निरोप आला: बाबांना घेऊन ये, चांगल्या कपड्यांत.

धाकट्याने त्यांना पाठुंगळी घेऊन वर नेलं. खोली होती तशीच. पलंग, खुंटीवरचा कोट. फक्त दारात जाड तांबडी दोरी आणि 'बेकरीवाल्याची खोली' अशी पाटी.

"मला निजव," बाबा म्हणाले.

धाकट्याने दोरी सोडली आणि त्यांना पलंगावर ठेवलं. बाबांनी चादर गळ्यापर्यंत ओढून भिंतीकडे तोंड केलं. पाहुण्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. फोटो निघाले. एक बाई म्हणाल्या, "किती खरं वाटतं, नाही?"

थोरली हसत आत आली आणि बाबांच्या कानाशी वाकली. "पाचच मिनिटं हं, बाबा. चादर जुनी आहे, फाटेल."

"मी घरी आलोय."

"हे घर नाही आता."

बाबांनी पलंगाची दांडी घट्ट धरली. पाहुण्यांना दिसू नये अशी आडवी उभी राहून थोरलीने त्यांचं एकेक बोट सोडवलं.

"ताई, सोड त्यांना," धाकटा म्हणाला.

"मग तू ने. तुझ्या गाळ्यात पिठाच्या पोत्यांवर निजवशील?"

तो स्वतः तिथेच निजत होता. त्याने बाबांना पुन्हा पाठीवर घेतलं. जिन्यात बाबा हळूच म्हणाले, "पोरगी रागावली का रे?"

"नाही, बाबा."

त्याच हिवाळ्यात बाबा वृद्धाश्रमातच वारले. थोरली आली, रडली, अगदी मनापासून रडली. मग डोळे पुसून तिने धाकट्याला बाजूला घेतलं.

"त्यांचा चष्मा तुझ्याकडे आहे ना? खोलीत उशाशी बरा दिसेल."

धाकट्याने खिशातून चष्मा काढून दिला. भांडायला त्याच्यात काही उरलं नव्हतं.