नाय आलं तरी चालंल

तात्यासाहेबांनी मुलाचं नाव पाळण्यातच काकासाहेब ठेवलं. त्यामुळे बाप मुलाला 'काका' म्हणायचा आणि मुलगा घरच्या रीतीप्रमाणे बापाला 'दादा'. पुंडलिकनगरात नवीन राहायला येणाऱ्यांना या घरातलं नातं उमगायला एक पावसाळा जायचा.

हा काका परदेशात शिकून मणक्यांचा डॉक्टर होऊन आला. कायरोप्रॅक्टर. एवढा शब्द मावावा म्हणून पाटी गाळ्यापेक्षा रुंद झाली आणि तिचं 'प्रॅक्टर' हे शेवटचं टोक शेजारच्या सांडूच्या चहाच्या टपरीवर गेलं. काही दिवस लोक सांडूला ट्रॅक्टर घेतल्याबद्दल पेढे मागत होते.

शेंद्र्याची जमीन कारखान्यांत गेल्यावर तात्यासाहेबांनी हा गाळा घेतला होता. तो त्यांनी काकाला दिला, पण दसऱ्यापर्यंतच. "चालला दवाखाना तर तुझा. नाय तर सिमेंटची एजन्सी. सिमेंटला समजावून सांगावं लागत नाय."

समजावून सांगणं हाच काकाचा जुना आजार होता. आधी पेशंटला त्याची पाठ समजावून द्या, मग हात लावा, असं त्याला शिकवलं होतं. पेशंट आला की तो प्लास्टिकचा कणा हातात घेऊन वरून सुरू व्हायचा. कंबरेपर्यंत पोचेस्तोवर पेशंटचं डोकं दुखायला लागायचं. मग त्यानं देवळाच्या सभामंडपात भाषण ठेवलं, पडद्यावर चित्रं दाखवली आणि शेवटी विचारलं, "काही शंका?"

सांडू उठला. "डॉक्टर, तुम्ही पायाळू हायेत का?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ द्या."

सभा संपली.

पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेला. अशा माणसाची लाथ बसली की उसण भरलेली पाठ मोकळी होते, हे आमच्याकडे शाळेत शिकवत नाहीत, कारण मुलांना ते घरूनच येतं. गारखेड्यात राजाबाई होती. धनगराघरची, सत्तरीची. जन्मभर मेंढरं हाकली आणि आता रोज सकाळी ओट्यावर उभी राहून डाव्या पायानं पाठी मोकळ्या करायची. नोकरीत कुणापुढं वाकलो नाही असं सांगणारे निवृत्त अधिकारीसुद्धा तिच्यापुढं रांगेत वाकून उभे असायचे.

दसरा जवळ आला तशा तात्यासाहेबांनी वेटिंग रूममध्ये सिमेंटच्या गोण्या रचायला घेतल्या. पेशंट नव्हतेच, त्यामुळे गैरसोय कुणाची झाली नाही. एका सकाळी, गोणी कशी उचलतात हे हमालाला दाखवायला म्हणून त्यांनी स्वतः एक उचलली आणि तसेच राहिले.

काका आतून धावत आला. "दादा, हलू नका. आधी तुम्हाला सांगतो नेमकं काय झालंय."

"नको सांगू," तात्यासाहेब म्हणाले आणि वाकल्या वाकल्या रिक्षात शिरून गारखेड्याला गेले.

पोरगा मणक्यांचा डॉक्टर आणि बाप लाथ खायला परक्या दारी. सांडूनं ही बातमी प्रत्येक चहाबरोबर फुकट दिली. दवाखाना आता संपला, हे काकाला कळून चुकलं. तरी प्लास्टिकचा कणा काखेत मारून तो बापामागं निघाला. सांडूही टपरी उघडी टाकून निघाला. असा दिवस रोज येत नाही.

गारखेड्यात राजाबाईनं पदर खोचला, सूर्याकडं बघितलं आणि पाय उचलला. पाय वरच राहिला.

"आगं माय," ती अगदी शांतपणे म्हणाली. "माझीच भरली."

पंचक्रोशीत दुसरा पायाळू नव्हता. काका पोचला तेव्हा ओट्यावर दोन माणसं हलू शकत नव्हती आणि भोवतालची गर्दी हलायला तयार नव्हती. असे श्रोते त्याच्या नशिबी कधीच आले नव्हते. त्यानं कणा उंच धरला.

"ते हाडूक ठेव खाली," राजाबाई म्हणाली. "मला समजंल असं बोल. एका पायावर किती ऐकू?"

काकानं तिचा पाय हळूच खाली टेकवला, तिला कुशीवर निजवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा आधी विचारलं, "आजी, कुठं दुखतंय?"

तिनं सांगितलं. त्यात दोन दुष्काळ, एक बोकड आणि मोठी सून आली. काकानं सगळं ऐकून घेतलं आणि मग मूठ आवळून दाखवली. "हाड सरकलेलं नाय आजी. पाठीचं मांस भिऊन अशी मूठ आवळून बसलंय. तिच्यावर ठोसा मारला तर?"

"आणखी आवळंल."

"मग?"

"गोंजारावं लागंल. मेंढराचं बी तसंच असतंय."

त्यानं शेक दिला, श्वास मोजून घ्यायला लावला, हातानं पाठ सैल केली. राजाबाई उठून बसली. तात्यासाहेबांचंही तसंच केलं. त्यांना विचारलं नाही.

सांडू पुढं सरकला. "मग इतकी वर्षं लाथेनं कसं बरं व्हायचं हो, डॉक्टर?"

"उसण बहुतेक वेळा आपोआप जाते. लाथ मारा, नका मारू."

"आन तुमच्याकडं आलं तर?"

काका अडखळला. बाप ऐकत होता. "बऱ्याचदा माझ्याकडं नाय आलं तरी चालंल. पण पाय बधिर पडला, लघवी अडकली, तर तासभरबी थांबू नका. सरळ मोठ्या दवाखान्यात पळा."

ओट्यावर पालथे पडलेले तात्यासाहेब फरशीला म्हणाले, "गिऱ्हाइकाला येऊ नको म्हनतंय. सिमेंटच बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंडलिकनगरात रांग लागली. येऊ नका म्हणणारा डॉक्टर कुणी पाहिला नव्हता, तो जवळून बघायचा होता. "मला यायची गरज नाय ना, तेवढं इचारून जाते," असं म्हणत बाया आत शिरत होत्या. काका प्रत्येकीचं ऐकायचा, पाठ तपासायचा आणि निम्म्यांना 'नाय आलं तरी चालंल' सांगून घरी पाठवायचा. त्या ते गल्लीभर पदक मिळाल्यासारखं मिरवायच्या आणि शेजारणींना घेऊन परत यायच्या. ज्यांना पुन्हा बोलावलं जाई, त्यांच्याकडं बाकीचे हळहळून बघत.

राजाबाई आता रोज सकाळी ओटा सोडून इकडंच यायची आणि पहिल्या गोणीवर बसून नवख्यांना मूठ दाखवायची. नंबर येईपर्यंत पेशंटला पाठ समजलेली असे आणि काकाला बोलायला काही उरत नसे. दवाखाना त्यामुळेच चालला, असं सांडूचं मत होतं. कुणी लाथेचाच फार हट्ट धरला तर राजाबाई पाठीला नुसता पाय लावायची. काकानं ते गोंजारण्यात धरलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सिमेंटवाल्याचा फोन आला. ट्रक निघालाय, गाळा रिकामा करून ठेवा. तात्यासाहेब पाठीला गरम पाण्याची पिशवी लावून पेशंटांच्या दाटीत बसले होते.

"गाळा रिकामा नाय व्हणार," ते म्हणाले. "मानसं बसलीत."

"मग उठवा की, तात्यासाहेब."

"डॉक्टर नको म्हनतात. एकदम उठायचं नसतंय."